दसरा ते पाडवा, लेकरांसकट

मुखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि मृगातही नाही. ते ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत सुरू होतं. पोळ्याच्या आगेमागे मुकादम ओसरीवर येऊन बसतो आणि कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. अंगठा उठला, उचल हातात पडली की त्या रात्रीपासून घरात मोठ्या प्रवासाची आखणी सुरू. कारखाना कुठला, सांगली-कोल्हापूरकडचा की पार बेळगाव-बागलकोटकडचा? टोळी कुणाची? सोयाबीन काढून निघायचं की भावाच्या हवाली करायचं? शेळ्या कुणाच्या दावणीला बांधायच्या? घराला कुलूप घालायचं की म्हातारी राहील? हे सगळे प्रश्न चार-आठ दिवसांत सुटतात. एकच प्रश्न गाडी दारात येईपर्यंत सुटत नाही: लेकरं न्यायची की ठेवायची?

मुखेड नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. एका अंगाला लातूर जिल्ह्यातले जळकोट आणि उदगीर, दुसऱ्या अंगाला देगलूर, आणि त्यापुढं तेलंगण-कर्नाटकाच्या सीमा. बालाघाटाच्या रांगा इथं उतरणीला लागतात. माथ्यावर मुरमाड, बरड जमीन. पावसावर येणारं सोयाबीन, तूर, ज्वारी, थोडा कापूस. एकदा ही पिकं निघाली की रानात काम उरत नाही. लेंडी नदीवरचं धरण हे या भागाचं जुनं स्वप्न आणि तेवढंच जुनं दुखणं. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांचा हा आंतरराज्य प्रकल्प, काम सुरू झालं ऐंशीच्या दशकात. पाटाचं पाणी राहिलं दूर, ऑगस्ट २०२५ मधल्या अतिवृष्टीत हसनाळ, रावणगाव, भिंगोली, भासवाडी ही गावंच पाण्याखाली गेली, माणसं दगावली आणि लष्कराला बोलवावं लागलं. पुढं सप्टेंबरच्या पावसानं सबंध मराठवाड्याचा खरीप कुजवला. अशा वर्षी उचल जास्त लागते आणि ज्यांना जायचं नव्हतं त्यांचेही कोयते वहीत चढतात.

आता जरा वेगळं. मुलांना घेऊन वर्षभर जग हिंडायला निघणारी कुटुंबं आताशा आपल्याकडंही दिसू लागली आहेत. पुण्या-मुंबईतली, बेंगळुरूतली, अमेरिकेत स्थिरावलेली मराठी जोडपी नोकरीला सुट्टी लावतात, घर भाड्यानं देतात आणि पाठीवर पिशव्या टाकून निघतात. निघण्याआधी वर्ष-दीड वर्ष तयारी चालते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, तो आधी बघायचा. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडं राहता येत नाही, म्हणून नकाशावर तारखा पेरायच्या. आफ्रिकेच्या वा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत जायचं तर पीतज्वराची लस. पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट घेतलं तर एकाच दिशेनं जायचं, मागं फिरायचं नाही. आणि शाळा? शाळेला आधी कळवून ठेवायचं, फी भरून जागा राखायची, नाहीतर मुक्त विद्यालयाची परीक्षा द्यायची. आईनं सकाळी दोन तास गणित घ्यायचं, बाकी जग शिकवतंच.

मराठवाड्याला जगप्रदक्षिणा अगदीच परकी आहे असंही नाही. परभणीकडचे विष्णुदास चापके यांनी २०१६ ते २०१९ या काळात शक्य तितकं विमान टाळून, जमिनीवरून आणि पाण्यावरून पृथ्वीला वळसा घातला. पण ते एकटे होते. लेकरं बरोबर असली की प्रवासाचं गणितच बदलतं, आणि हे मुखेडच्या बाईइतकं नीट फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. तिच्यापुढंही प्रश्न तेच असतात: पैसा किती, मुक्काम कुठं, कागदपत्रं कुठली, दुखलंखुपलं तर डॉक्टर कोण, घर कोण सांभाळणार, मुलांच्या शाळेचं काय. फरक कुठं पडतो ते पुढं येईलच. एवढं आधी सांगून ठेवतो की फरक अंतराचा नाही. हौस आणि पोट हा फरक तर आंधळ्यालाही दिसतो. मला म्हणायचं आहे ते त्याहून बारीक आहे.

या तालुक्यातल्या तांड्यांना तर मुलाबाळांसह वर्षानुवर्षं चालत राहण्याचा वारसाच आहे. इथून ऊसतोडीला सगळ्याच जातींची माणसं जातात, पण तांड्यांवरून निघणाऱ्या बंजाऱ्यांच्या टोळ्या लगेच नजरेत भरतात. बंजारा समाजाचा मूळ धंदा लदेणीचा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाट अडवून राहिल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि या लोकांना घरं नाहीत, बायकामुलं बरोबरच असतात, अशीही नोंद केली आहे. मोगलांच्या फौजांना रसद पुरवली ती यांनीच, पुढं इंग्रजांच्या फौजांनाही पुरवली. पावसाचे चार महिने चाऱ्या-पाण्याची जागा पाहून मुक्काम, बाकीचे आठ महिने वाट. तांड्याचा नायक सांगेल तिथं थांबायचं, तो सांगेल तेव्हा उठायचं. मूल बैलाच्या सोबतीनं वाढायचं आणि मोठं होईतो वाटा, पाणवठे, बाजार तोंडपाठ झालेले असायचे. तीच त्याची शाळा होती आणि ती त्याच्याबरोबर चालायची.

मग रेल्वे आली, पक्के रस्ते आले, लदेणी मोडली. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि हिंडणाऱ्या माणसाकडं पाहायची सरकारी नजरच संशयाची झाली. निजामाच्या मुलखात असोत की इंग्रजी अंमलात, तांडे हळूहळू डोंगराच्या कडेला स्थिरावले. गावाला लागून नाही, गावापासून हटून, आणि वाट्याला आलेली जमीनही तशीच हलकी. आजचा तांडा त्याच जमिनीवर उभा आहे आणि त्याच जमिनीमुळं दर दिवाळीला उठतो. दोन स्थलांतरांत एक फरक मात्र आहे. लदेणीत सगळा समाजच चालत होता, मागं कुणी राहत नव्हतं, म्हणून कशाची जागा राखायची वेळच येत नव्हती. आता अर्धं घर जातं आणि अर्धं राहतं. शाळा तर राहतेच.

*

पैशाचं आधी बघू, कारण मुलांचा निर्णय तिथंच ठरतो.

उचल जोडीमागं साधारण लाखाच्या आसपास असते. जोडी तरणी आणि कामाला वाघ असेल तर जास्त, थकलेली असेल तर कमी. ही मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे आधी खर्चलेला आणि नंतर फेडायचा पैसा. ती आली की आधीचं देणं, एखाद्या लग्नाचा खर्च, दवाखाना, बियाण्याची उधारी यांतच बहुतेक संपते. निघताना हातात राहतो तो वाटखर्च. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले आणि टनाला साडेतीनशेच्या पुढं गेले. एक जोडी दिवसभरात दीड-दोन टन ऊस तोडते. दोन टनच धरा, दिवसाचे सातशे. लाख रुपये फिटायला एकशेचाळीसच्या वर दिवस रोज दोन टन पडले पाहिजेत, एकही खाडा न होता, पाऊस न येता, बाई आजारी न पडता. खाण्यापिण्यासाठी आठवड्याला मिळणारी रक्कम वेगळीच, तीही शेवटी हिशेबातून वजा. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेले चार पैसे तेवढे रोखीचे.

आणि हंगाम तेवढा चालतो का? २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ऊसच कमी असल्यानं बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चमध्येच थंडावली. आदल्या वर्षी राज्यात ११० लाख टनांच्या घरात साखर झाली होती, त्या वर्षी ती ८० लाखांवर आली. शिवाय दरसाल फडात तोडणीयंत्रं वाढताहेत. दिवस कमी झाले की दिवसाचा ऊस वाढवावा लागतो, आणि तो वाढवायला हात लागतात. इथं बारा वर्षांचं पोर कामाला येतं. कोयता त्याच्या हाती कुणी देत नाही, निदान सुरुवातीला तरी. पण मोळी बांधायला, वाढे गोळा करायला, पाणी आणायला, तान्ह्याला सांभाळायला, आईबाप फडात असताना चूल पेटवायला कुणीतरी हवंच. त्या कुणीतरीनं घेतलेला तास आईच्या कोयत्याला मिळतो. मुलाच्या नावानं कुठंही मजुरी लागत नाही. ती जोडीच्या टनात मुरते.

म्हणून ‘आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ हे वाक्य शहरातून कुणी टाकलं की मला ते फार आळशी वाटतं. महत्त्व कळतं. पोरीनं नर्स व्हावं, पोरानं पोलिसभरती द्यावी, ही स्वप्नं कुठल्याही तांड्यावर भेटतात. हिशेब आडवा येतो.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशीची बांधाबांध पाहण्यासारखी असते. ज्वारी-बाजरीची, रेशनच्या गहू-तांदळाची पोती. दोन पातेली, तवा, परात, काठवट, पाण्याच्या घागरी. कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, मेणकापड, बांबू, चटया, सुतळी. कोयते आणि कानस. अंथरूण-पांघरूण, त्यात लेकरांसाठी एक जाड गोधडी जास्तीची, कारण माघ-पौषात उसाच्या रानातली थंडी ओली असते. डब्यात कोंबड्या, दोरीला शेळी, आणि न बोलावताही गाडीमागं धावणारं कुत्रं. पत्र्याच्या पेटीत कागद: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक. एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं, पण त्यासाठी दिवसा दुकान उघडं असताना तिथं जायला हवं, आणि दिवसा माणूस फडात असतो. मोबाईल आणि चार्जिंगचा दिवा आता प्रत्येक कोपीत असतो. दप्तर? ज्या घरात पोरगं हट्ट करतं त्या घरात दप्तरही चढतं.

आजारपणाची तयारी म्हणजे डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट आणि देवाचा अंगारा. उसाच्या फडात साप असतात आणि लेकरं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश नीट कळतही नाही. यातली विसंगती अशी की सर्पदंशाच्या उपचारात राज्यभर ज्यांचं नाव घेतलं जातं ते डॉ. दिलीप पुंडे मुखेडचेच. तालुक्यातल्या माणसाला सापानं डसल्यावर कुठं धावायचं हे पाठ असतं. ते ज्ञान परक्या शिवारात उपयोगाला येत नाही. तिथं रस्ता कुठला, दवाखाना किती लांब, गाडी कुणाची, हे सगळं रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला विचारावं लागतं.

*

आता लेकरं.

ठेवायची म्हटलं तर चार वाटा आहेत. म्हातारा-म्हातारीजवळ ठेवणं ही सगळ्यांत जुनी. दिवाळीनंतर तांड्यावर फिरलं तर सत्तरीची माणसं आणि सात-आठ वर्षांची पोरं एवढीच भेटतात. मधलं सगळं वय फडात. म्हातारी धडधाकट असली तर मुलं शाळेत जातात, ती अंथरुणाला खिळली तर थोरली पोर शाळा सोडून घर सांभाळते. दुसरी वाट आश्रमशाळेची. विमुक्त-भटक्या समाजाच्या मुलांसाठी मराठवाड्यात अशा निवासी शाळा बऱ्याच आहेत आणि अनेक घरांतला पहिला पदवीधर तिथूनच बाहेर पडलाय. तिसरी वाट हंगामी वसतिगृहाची: गावच्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, आईबाप परत येईपर्यंत मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय. चौथी वाट नवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. त्यासोबत २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृह योजना आली: राज्यातल्या ४१ ऊसतोड तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं आणि एक मुलींचं, एकेकात शंभर जण. नांदेड जिल्ह्यातले कंधार, लोहा आणि मुखेड हे तालुके त्या यादीत आहेत.

कागदावर या चार वाटा पुरेशा आहेत. अडतं ते तारखेत. टोळी दसऱ्यानंतर हलायला लागते आणि दिवाळी होता होता तांडा रिकामा होतो. आईला गाडीत चढण्याआधी दिसायला हवं की वसतिगृहाचं दार उघडलंय, आत चूल पेटलीय, पोरीच्या खोलीला कडी आहे आणि रात्री कुणीतरी बाई मुक्कामाला आहे. हंगामी वसतिगृहांची गोष्ट बहुतेक ठिकाणी उलटी घडते: आधी मुलांचं सर्वेक्षण, मग प्रस्ताव, मग मंजुरी, मग निधी. मंजुरी येईतो टोळी पोचून तिची पहिली खेपही झालेली असते. ज्या सोयीची वेळ चुकते ती सोय आईच्या हिशेबात धरलीच जात नाही, आणि पुढच्या वर्षी वेळेवर आली तरी ती तिच्यावर विश्वास ठेवत नाही. निधी किती दिला याचे आकडे विधिमंडळात वाचले जातात. वसतिगृह कुठल्या तारखेला सुरू झालं हे विचारणारा आमदार मला दाखवा.

तारीख हलवता येत नाही असं नाही. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तेव्हा मजुरांना मत देता यावं म्हणून हंगाम पुढं ढकलावा अशी मागणी झाली, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. सहामाही परीक्षेसाठी हंगाम ढकला असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मतदाराला वय लागतं, हे आहेच.

दिवाळी हुकण्याचं दुःख तर हिशेबातच नसतं. बंजारा तांड्यावर काळ्या अमावस्येच्या रात्री कुमारिका दिवा हातात घेऊन घरोघर फिरतात, थोरामोठ्यांना ‘मेरा’ मागतात, म्हातारी माणसं त्यांच्या दिव्यापुढं पैसे ठेवतात. टोळी लवकर निघाली त्या वर्षी फिरायला मुलीच उरत नाहीत.

न्यायची म्हटलं तर काय? इथं तोडणीची पद्धत महत्त्वाची. गाडी सेंटरला गेलं की कारखान्याची टायरगाडी, आपले बैल. कोप्यांची वस्ती कारखान्याजवळ, शे-दोनशे कुटुंबांची, हंगामभर एका जागी. डोकी सेंटरला ट्रक किंवा ट्रॅक्टर. मोळ्या डोक्यावरून वाहून भरायच्या, आणि आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी पुढच्या. कोप्या फडाबरोबर हलतात. पहिल्या प्रकारात निदान शाळा उभी करता येते. नव्वदीच्या दशकापासून काही संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थ संस्थेचं काम त्यात ठळक. संध्याकाळी, पहाटे, जमेल तेव्हा वर्ग, मुलांच्या कडेवर धाकटी भावंडं, असा तो संसार होता. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, मान्यतेशिवाय शाळा चालवण्यावर बंदी आली आणि साखरशाळांना नियमांत कुठं बसवायचं हे कुणाला सुचेना. मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच जावं, असं धोरण ठरलं. तत्त्व बरोबर होतं. पण साखरशाळा मिटली आणि नियमित शाळा तीन किलोमीटरवर राहिली. कोपीतून पोर निघणार कधी? आईबाप पहाटे चारला फडात, तान्हं त्याच्या हवाली, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. कर्नाटकात गेलेल्यांना तर शाळेच्या पाटीवरची अक्षरंच परकी.

त्याच कायद्यात दोन चांगली कलमं आहेत. चौथं कलम म्हणतं, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्या. पाचवं म्हणतं, मूल दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. त्यांच्याच आधारावर महाराष्ट्रानं शिक्षण हमी कार्ड काढलं. निघताना मुख्याध्यापकानं कार्डावर लिहायचं की हे मूल अमुक वर्गात आहे, त्याला वाचन इतपत येतं, गणित इतपत. जिथं टोळी जाईल तिथल्या शाळेनं कार्ड पाहून त्याला बसवून घ्यायचं. परतताना तिथल्या गुरुजींनी पुढची नोंद करायची. कल्पना मला मनापासून आवडते, कारण ती प्रवासाला गुन्हा मानत नाही. मूल हलतं हे गृहीत धरते आणि त्याची जागा दोन्हीकडं राखते. पैसेवाल्या घरचं मूल वर्षभर जग हिंडून येतं तेव्हा त्याला हेच तर मिळतं: परत आल्यावर बाकावरची जागा तशीच असते, उलट बाईच पुढं बोलावून अनुभव सांगायला लावतात.

कार्डाचं पुढं काय होतं हे शेवटी माणसावर असतं. मुख्याध्यापकाला टोळीची तारीख माहीत असेल, तो स्वतः तांड्यावर जाऊन कार्ड हातात देत असेल, तर ते पेटीत आधारशेजारी जातं. मराठवाड्यात असे गुरुजी आहेत, शाळाबाह्य मुलांना शोधणारे बालरक्षक म्हणून नेमणूक नसतानाही असतात. काही जण फडावरच्या मुकादमाला फोन करून पोरं शाळेत गेली का विचारतात. दुसऱ्या टोकाला अशीही शाळा असते जिथं पटसंख्या घसरू नये म्हणून मूल हजेरीत बसूनच असतं, प्रत्यक्षात ते पाचशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असताना. महिनाभर सलग गैरहजर मूल शाळाबाह्य धरायचं हा नियम. हजेरीत बसलेलं मूल शाळाबाह्य ठरत नाही, आणि जे शाळाबाह्य ठरलं नाही त्याला कुणी शोधायला जात नाही. तिकडच्या शाळेच्या लेखी ते बाहेरगावचं, कारखान्याच्या लेखी नाहीच, मुकादमाच्या वहीत फक्त कोयते. तोडणीच्या करारात दर आहे, मुकादमाचं कमिशन आहे, वाहतूक आहे, बैलांचा विमा आहे. लेकरांचा एकही रकाना नाही.

‘प्रवास हीच शाळा’ हे कोपीतल्या मुलाबद्दल कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तिथं पोर शिकतं खरं: कानडीत हिशेब घालायला, मोळीचं वजन हातानं ओळखायला, आभाळ पाहून उद्याचा दिवस सांगायला. शहरातली मुलं पैसे भरून अशा शिबिरांना जातात. पण त्या मुलांना शिबिरानंतर घरी न्यायला गाडी येते.

मुलींचं गणित आणखी तिढ्याचं. दहा-बारा वर्षांपर्यंत ती भावंडं सांभाळते. पुढं आईला धास्ती लागते: नेली तर कोपीला दार नसतं, अंघोळीला आडोसा साडीचा, ठेवली तर म्हाताऱ्यांना नजर ठेवता येत नाही. मग लग्न. लग्नानं दोन प्रश्न एकदम मिटतात, पोरीची जबाबदारी जाते आणि मुकादमाच्या वहीत नवा पूर्ण कोयता लागतो, नवी उचल मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशी ते चोविशीतल्या ज्या मुलींचं लग्न अठराच्या आत झालं होतं त्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के निघालं. या आकड्यांना रूढी, परंपरा अशी नावं देऊन मोकळं होता येतं. उचलीची पद्धत पाहिल्यावर मला त्यात व्यवहार जास्त दिसतो. म्हणूनच मुलींच्या वसतिगृहातली एक खाट कुठल्याही प्रबोधनफेरीपेक्षा जास्त काम करते: ती असली की आईला निघण्याआधी पोरीचं काय करायचं याचं लग्नाखेरीज दुसरं उत्तर मिळतं.

एकदाच असं झालं की सगळ्या महाराष्ट्राला ही लेकरं दिसली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली. तपासणी करून, याद्या करून गाड्या निघाल्या. त्या याद्यांत बायका, पुरुष, मुलं, बैल असं सगळं मोजलं गेलं. म्हणजे मोजता येत होतं.

एरवीची परतणी पाडव्याच्या सुमाराला. शाळेत तोवर वार्षिक परीक्षेची घाई असते. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा उत्तीर्ण व्हावं लागतं. नापास झालेल्याला दोन महिन्यांत आणखी एक संधी मिळते. सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला ती संधी म्हणजे उन्हाळ्यात कुणीतरी बसवून शिकवलं तरच संधी. तिकडं ओसरीवर मुकादम शेवटचा हिशेब करत असतो. टन फिटले तर ठीक. नाही फिटले तर बाकी पुढच्या वर्षावर चढते, आणि बाकी चढली की पुढच्या वर्षी कारखाना कुठला, टोळी कुणाची, हे प्रश्न घराला उरत नाहीत. ते मुकादमच ठरवतो. वैशाखात तांड्यावर लग्नं असतात, त्यांना पैसे लागतात, काही घरांत पुढच्या हंगामाची पहिली रक्कम तेव्हाच घेतली जाते. त्याच दिवसांत हेडमास्तर पुढच्या वर्षीच्या वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी मुलांची नावं लिहून घेऊ शकतो, कारण यातली काही घरं जाणार हे तेव्हाच ठरलेलं असतं. मुकादम मे महिन्यातच यादी करायला लागतो. शिक्षण खात्याची यादी ऑक्टोबरपर्यंत का थांबते, हे विचारायला पंचायत समितीचं दार उन्हाळ्यातही उघडं असतं.